वरिष्ठ बदलले आणि चुकांच्या नोंदी निम्म्यावर आल्या: याला सुधारणा म्हणावे का?

रबाळे_तपासणी यांचा प्रश्न

नमस्कार. रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळते. आमच्याकडे हायड्रॉलिक यंत्रणांसाठी लागणारे व्हॉल्व्हचे भाग तयार होतात. माझ्या हाताखाली अकरा माणसे आहेत आणि त्यांपैकी चार कंत्राटी आहेत.

आमचे आधीचे कारखाना प्रमुख एप्रिलमध्ये निवृत्त झाले. सकाळी सव्वानऊच्या बैठकीत ते सर्वांत नव्या तपासनिसाला आधी बोलते करीत आणि स्वतः सर्वांत शेवटी बोलत. एखादा लॉट, म्हणजे एकत्र तयार झालेल्या मालाचा गट, अडवला की "किती नग, कुठल्या मशीनवरचे, आणि शंका पहिल्यांदा कुणाला आली?" एवढे तीनच प्रश्न ते विचारीत. त्यांचा आवाज चढलेला मी सहा वर्षांत दोनदा ऐकला, आणि दोन्ही वेळा कारण एकच होते: झालेली चूक कुणीतरी दडवली होती.

नवे प्रमुख हुशार आहेत, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. मशीनिंगचे त्यांचे ज्ञान आधीच्या साहेबांपेक्षा जास्त आहे. ते सकाळी आठला हजर असतात आणि रात्री सर्वांत शेवटी निघतात. परंतु त्यांच्या बैठकीत चूक सांगणारा माणूसच त्या चुकीचा धनी ठरतो. बावन्न वर्षांच्या आमच्या ज्येष्ठ तपासनिसांना ते सर्वांसमोर म्हणाले, "अरे, तुला मायक्रोमीटर तरी धरता येतो का?" तेव्हापासून हे गृहस्थ बैठकीत "सगळे ठीक आहे" यापलीकडे एक शब्द बोलत नाहीत.

मापात न बसलेल्या मालाची जी नोंद आम्ही करतो, जिला आमच्याकडे एनसी म्हणतात, तिची संख्या पूर्वी महिन्याला चाळीसच्या आसपास असे. गेल्या तीन महिन्यांत ती अठरा-वीसवर आली आहे. नव्या प्रमुखांनी हा आलेख मुख्य कार्यालयाला दाखवला आणि त्यांचे कौतुकही झाले. याच तीन महिन्यांत ग्राहकाकडून परत आलेला माल मात्र वाढला आहे, आणि त्या दोन कागदांचा संबंध कुणी जोडलेला नाही.

माझे विचारणे दुहेरी आहे. प्रमुखाचा समंजसपणा आणि त्याने माणसांना दिलेला मान यांचा कामाच्या दर्जावर खरोखर परिणाम होतो, की आम्ही नुसते जुन्या साहेबांच्या आठवणी काढत बसलो आहोत? आणि परिणाम होत असेल, तर मधल्या पायरीवरच्या माणसाने नेमके काय करावे? नोकरी सोडण्याचा सल्ला कृपया देऊ नये. घराच्या कर्जाचे हप्ते अजून नऊ वर्षे चालू राहणार आहेत.

वागळे_टूलरूम यांचे उत्तर

ताई, मी वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये तेहतीस वर्षे काढली, त्यांपैकी शेवटची अकरा फोरमन म्हणून. तुमच्या लिहिण्यातल्या त्या "अरे"पाशी मी थांबलो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

आमचे पहिले फोरमन सगळ्यांना अरे-तुरेच करीत. माळकरी माणूस, बोलणे रांगडे. पण त्यांचे "अरे" सगळ्यांना सारखे होते. मालकाचा मुलगा काम शिकायला सहा महिने आमच्यात होता, त्यालाही त्यांनी "अरे, आधी फाइल धरायला शीक" असेच सांगितले. त्यामुळे त्या "अरे"ने कुणी दुखावला गेल्याचे मला आठवत नाही. तुमचे साहेब मुख्य कार्यालयातून आलेल्या पंचविशीतल्या मुलाशी कसे बोलतात, ते एकदा ऐका. त्याच्याशी "अहो" आणि बावन्न वर्षांच्या माणसाशी "अरे" असेल, तर तो शब्द बोलण्याच्या सवयीतून आलेला नाही, पायरी दाखवण्यासाठी आलेला आहे.

मी नवखा असताना माझ्या हातून एक डाय, म्हणजे धातूला आकार देणारा साचा, फुकट गेली. ड्रॉइंगमध्ये आतल्या कोपऱ्याला गोलाई दाखवलेली होती आणि मी तो कोपरा टोकदार ठेवला होता. हार्डनिंगसाठी तापवून तेलात बुडवल्याबरोबर त्याच कोपऱ्यातून तडा गेला. तीन आठवड्यांचे काम भंगारात गेले. फोरमन आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तडा कुठून सुरू झालाय ते दाखव." मी दाखवले. मग त्यांनी दोन संध्याकाळी थांबवून घेऊन तो कोपरा माझ्याकडून मोठ्या आकारात काढून घेतला आणि दोन अप्रेंटिस मुलांना मलाच समजावून सांगायला लावले. ही शिक्षा सोपी नव्हती. एखादी शिवी खाऊन सुटलो असतो तर बरे, असे तेव्हा वाटले होते. मालकाला मात्र त्यांनी एवढेच सांगितले की, "माझ्या टूलरूममध्ये एक डाय फुटली." माझे नाव त्या वाक्यात नव्हते, हे मला कित्येक वर्षांनी कळले.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी सांगायला अवघड जाते. मी फोरमन असताना एकदा एका ग्राहकाशी बोलत उभा होतो, तेव्हा आमचा कंत्राटी हेल्पर मध्येच येऊन म्हणाला, "साहेब, ग्राइंडरचा आवाज वेगळा येतोय." मी त्याला चारचौघांत झापले, "तुझे काम झाडायचे, आवाज ऐकायचे नाही." तीन आठवड्यांनी त्या ग्राइंडरच्या स्पिंडलचे बेअरिंग जाम झाले. मी त्याला विचारले, तुला पुन्हा आवाज आला नव्हता का? तो म्हणाला, "रोज येत होता, साहेब. पण तुम्हीच सांगितले होते ना." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्याने खरोखरच माझी आज्ञा पाळली होती.

मी त्याची माफी मागितली, पण आधी दोन दिवस ती केबिनमध्ये बोलावून मागावी की बाहेर, याचाच विचार करीत होतो. शेवटी ज्यांच्यासमोर झापले होते, त्यांना बोलावून त्यांच्यासमोर मागितली. अपमान चारचौघांत आणि माफी केबिनमध्ये, हा हिशेब मला पटेना.

म्हणून तुम्हाला सांगणे एवढेच की, वरच्या साहेबांना बदलायला जाण्याआधी तुमच्याकडे कुणी वाईट बातमी घेऊन आले, तर तुमच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य कोणते असते, ते आठवडाभर लिहून पाहा.

नेरूळ_परिचारिका यांचे उत्तर

मी अकरा वर्षे रुग्णालयात परिचारिका होते आणि आता रुग्णसुरक्षेच्या नोंदी पाहते. तुमचा आलेख आमच्या क्षेत्रात फार ओळखीचा आहे.

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांच्या वॉर्डांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला होता. अपेक्षा सरळ होती: ज्या वॉर्डातली माणसे एकमेकांशी नीट वागतात आणि जिथली प्रमुख परिचारिका चांगली आहे, तिथे चुका कमी असणार. प्रत्यक्षात चांगल्या गणल्या गेलेल्या वॉर्डांमध्येच चुकांचे प्रमाण जास्त दिसले. खोलात गेल्यावर त्यांनी लावलेला अर्थ असा होता की, तिथे चुका अधिक घडत नसाव्यात, तर त्या अधिक मोकळेपणाने सांगितल्या जात असाव्यात. जिथे प्रमुखाचा धाक होता, तिथे चूक ज्याच्या हातून झाली त्याच्याच पोटात राहत होती. हे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतील ५१ गटांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला, जो तुमच्या कारखान्याच्या अधिक जवळचा आहे. शंका विचारली किंवा चूक कबूल केली तरी आपली शोभा होणार नाही, अशी खात्री ज्या गटांत होती, ते गट अधिक शिकत होते आणि त्यांचे कामही अधिक चांगले होते. ही खात्री निर्माण होण्यात गटप्रमुखाच्या वागण्याचा वाटा होता, हेही त्यात पुढे आले. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर "होय" असे आहे.

तुम्ही नव्या प्रमुखांच्या ज्ञानाविषयी लिहिले आहे, म्हणून आणखी एक उदाहरण देते. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे १७३ क्रमांकाचे उड्डाण इंधन संपल्यामुळे कोसळले. चाके नीट उघडली आहेत की नाहीत याची शंका आल्याने कॅप्टन सुमारे तासभर घिरट्या घालत त्याच एका प्रश्नात गुंतले होते. इंधन किती उरले आहे, हा विषय कॉकपिटमधील इतर दोघांच्या बोलण्यात येत होता. परंतु "आता उतरलेच पाहिजे" इतक्या स्पष्ट शब्दांत तो वेळेवर मांडला गेला नाही आणि कॅप्टनच्या मनात तो शिरलाही नाही. विमानातील १८९ जणांपैकी १० जणांचा मृत्यू झाला. कॅप्टन अत्यंत अनुभवी होते. विमान चालवण्याच्या कौशल्यात त्यांची उणीव कुणी काढली नसती. या अपघातानंतर १९८१ मध्ये त्याच कंपनीने वैमानिकांसाठी नव्या प्रकारचे प्रशिक्षण सुरू केले, ज्यात कनिष्ठाने ठामपणे कसे बोलावे आणि कॅप्टनने इतरांचे कसे ऐकून घ्यावे, हे दोन्ही शिकवले जाते. आज जगभर वैमानिकांना ते घ्यावे लागते.

मात्र तुमच्या आलेखाबद्दल थोडी सावधगिरी बाळगावी. नोंदी घटल्या म्हणजे लपवाछपवी, असे केवळ संख्येवरून ठरवता येत नाही. प्रत्येक दोष कोणत्या टप्प्यावर पकडला गेला ते पाहा: मशीनवरच, अंतिम तपासणीत, की ग्राहकाकडे. पहिल्या टप्प्यावरचे दोष घटून शेवटच्या टप्प्यावरचे वाढले असतील, तर तुमची शंका बरीच भक्कम होते.

घणसोली_कोड यांचे उत्तर

मी थोडा विरोधी सूर लावतो. जुने साहेब चांगले होते हे मान्य, पण त्यांच्या काळातल्या चाळीस नोंदींत किरकोळ किती होत्या, हे कुणी तपासले आहे का? बोलणाऱ्याला कुणी अडवत नाही म्हटल्यावर प्रत्येक ओरखड्याची नोंद होऊ लागते, असेही मी पाहिले आहे.

दुसरे असे की, गोड बोलणे म्हणजे मान देणे, ही समजूत मला महागात पडली आहे. माझे पहिले मॅनेजर कधीही आवाज चढवीत नसत, वाढदिवस लक्षात ठेवीत, घरच्यांची चौकशी करीत. माझ्या कामात मूलभूत दोष आहेत हे त्यांना दीड वर्ष माहीत होते आणि मला ते वार्षिक मूल्यमापनाच्या दिवशी, पगारवाढ हुकल्यावर कळले. त्यानंतर ज्या मॅडम आल्या, त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझा कोड सतरा शेरे मारून परत पाठवला आणि संध्याकाळी फोन करून विचारले, "यातला कुठला शेरा तुम्हाला पटला नाही?" तीन पटले नव्हते. त्यांपैकी एक त्यांनी मागे घेतला. मला आयुष्यात कामाच्या ठिकाणी मिळालेला सर्वांत मोठा मान तो होता, आणि त्या मॅडम मुळीच गोड बोलत नाहीत.

नौपाडा_चौथा_थर यांचे उत्तर

कारखान्यातले मला काही कळत नाही. मी एका गोविंदा पथकात बरीच वर्षे चौथ्या थरावर उभा राहतो. ज्या ठाण्यात २०१२ मध्ये नऊ थरांचा मनोरा लागून गिनीजमध्ये नोंद झाली, तिथल्या प्रत्येक पथकाला एक थर आणखी लावायची घाई असते, म्हणून हा विषय आमच्याकडे दरवर्षी निघतो.

बेसमधल्या माणसाची मान खाली असते, त्याला वर काय चालले आहे ते दिसत नाही. प्रशिक्षक बाहेर उभे राहून सगळा मनोरा पाहतात, पण कुणाचा गुडघा थरथरतो आहे आणि कुणाच्या खांद्यावरून पाय सरकतो आहे, हे त्यांना दिसत नाही. ते फक्त ज्याचे त्याला कळते. म्हणून आत कुणीही "उतरा" अशी हाक दिली की थर लगेच उतरवायचे आणि कारण मागाहून विचारायचे, असा आमचा नियम आहे.

आधीच्या प्रशिक्षकांच्या वेळी हा नियम कागदावर असूनही मोडला गेला. एका मुलाने सातवा थर लागत असताना "उतरा" म्हटले. थर उतरले, पण प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, "घरी जाऊन आईच्या मांडीवर बस." सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच एका मुलाचा खांदा दुखत होता आणि तो गप्प राहिला. थर कोसळले आणि तिसऱ्या थरावरच्या मुलाचा हात मोडला. ज्याला टोमणा बसला होता तो नव्हे, ज्याने तो नुसता ऐकला होता तो गप्प बसला, ही गोष्ट मला अजून खटकते.

आताचे प्रशिक्षक वयाने तरुण आहेत. गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला की ते दर आठवड्याला एकदा, काहीही बिघडलेले नसताना, पथकातल्या सर्वांत नव्या मुलाला "उतरा" म्हणायला लावतात आणि पूर्ण मनोरा शिस्तीत खाली येतो. सुरुवातीला आम्हाला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. पण हाक देणाऱ्याच्या घशाला आणि ऐकणाऱ्याच्या अंगाला, दोघांनाही सवय लागते. मागच्या वर्षी चौकात हजारो लोक ओरडत असताना दुसऱ्या थरातल्या मुलाने हाक दिली आणि आम्ही सात थरांवरून सलामी न देताच उतरलो. खाली लोकांनी हुर्यो केली. प्रशिक्षकांनी त्या मुलाला पाणी दिले आणि मग विचारले, "कुठे दुखले?"

रबाळे_तपासणी यांचे पुढील टिपण, तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मला आधी आकडे काढायचे होते.

घणसोलीकरांची शंका रास्त होती, म्हणून गेल्या वर्षातील तीन महिन्यांच्या नोंदी मी स्वतः वाचल्या. महिन्याला सहा-सात नोंदी खरोखर किरकोळ होत्या. त्या वजा केल्या तरी घट निम्म्याच्या जवळपासच राहते. नेरूळच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे टप्पे वेगळे केले, तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झाले: घट जवळजवळ सगळी मशीनवरच्या नोंदींत आहे, आणि ग्राहकाकडून परत आलेल्या मालात जे दोष निघाले, त्यांपैकी बरेच मशीनवरच दिसण्यासारखे होते.

फोरमनसाहेबांनी दिलेला आठवड्याचा अभ्यासही केला, आणि तो मला फारसा मानवला नाही. वहीत पाहिले तर वाईट बातमीवरचे माझे पहिले वाक्य पाचांपैकी तीन वेळा "आता हे साहेबांना कोण सांगणार?" असे होते. म्हणजे वरचा धाक मी स्वतःच खाली पोहोचवत होते. कंत्राटी मुलांपैकी एकाला मी वर्षभर नावाने हाकच मारलेली नव्हती, हेही त्याच आठवड्यात लक्षात आले. मी त्याला "ए, व्हर्निअर दे" एवढेच म्हणत असे.

टप्प्यांचा कागद मी नव्या प्रमुखांना बैठकीत दाखवला नाही. चारचौघांत तो पुढे केला असता, तर ते इतरांशी जसे वागतात तसेच मी त्यांच्याशी वागले असते. संध्याकाळी साडेसहा वाजता त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटले, "सर, या दोन आलेखांचा मला एकत्र अर्थ लागत नाही, तुम्ही पाहाल का?" त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. मग एवढेच म्हणाले, "हा माझ्याकडे राहू द्या." दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत त्यांचा आवाज पुन्हा चढला, तेव्हा मी निराश झाले. पण बैठक संपल्यावर त्यांनी आमच्या ज्येष्ठ तपासनिसांना थांबवले आणि तिसऱ्या मशीनवरच्या बोअर गेजबद्दल, म्हणजे भोकाचे आतले माप घेणाऱ्या उपकरणाबद्दल, दहा मिनिटे विचारत होते. "तुम्ही" म्हणत होते की "तू", ते मला दारातून ऐकू आले नाही.

आता एक अडचण उरली आहे. नौपाड्याच्या सरावाची कल्पना मला वापरायची आहे: आठवड्यातून एकदा चांगला लॉटही कुणीतरी नव्या माणसाने अडवायचा आणि सर्वांनी त्याप्रमाणे थांबायचे. परंतु चारही कंत्राटी मुले सव्वानऊच्या बैठकीला नसतातच. ती वेळ त्यांची मशीनवरची आहे आणि बैठक पहिल्या मजल्यावर असते. त्यांना वर बोलावले तर उत्पादन विभाग हरकत घेईल. यावर कुणी काही सुचवू शकेल का?

वागळे_टूलरूम यांचे उत्तर

ताई, त्यांना वर बोलावू नका. बैठकच खाली, मशीनजवळ, उभ्याने घ्या. दहा मिनिटांच्या वर उभे राहावेसे कुणालाच वाटत नाही, त्यामुळे उत्पादन विभागही फारसा कुरकुरणार नाही. पहिल्या दिवशी त्या व्हर्निअरवाल्या मुलाला नावाने हाक मारून विचारा की त्याच्या मशीनचे काय चालले आहे, आणि तो जे सांगेल ते त्याच्यासमोर वहीत लिहा. साहेबांना आमंत्रण द्या, पण पहिला आठवडाभर ते आले नाहीत तरी चालेल.

गेजची तारीखही एकदा पाहून घ्या. बोअर गेज कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याचे माप अचूक आहे का ते तपासायला, शेवटचा कधी गेला होता?

रबाळे_तपासणी यांचे उत्तर

तारीख उलटून पाच आठवडे झाले होते. ज्येष्ठ तपासनिसांना ते माहीत होते. सोमवारपासून बैठक खाली घेत आहे.